शाई बोटाला लागते, नाव दोन याद्यांत राहते

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गलाई कारागिराला, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्याला, मतदानाच्या शाईचे रसायन वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सोन्या-चांदीची मिसळ तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात टाकली की चांदी विरघळते आणि सोने तळाशी उरते. त्या पाण्यात असते ते सिल्व्हर नायट्रेट. त्याचा थेंब बोटावर पडला तर आधी काहीच दिसत नाही. उन्हात हात गेला की डाग तपकिरी आणि मग काळा होतो. साबण लावा, घासा, वरची कातडी झडेपर्यंत तो हलत नाही. मतदानाच्या शाईतला टिकणारा भाग हाच आहे. वरून दिसणारा जांभळा रंग निराळा.

शाईचा खरा प्रश्नही याच गलाईवाल्याच्या निमित्ताने समोर येतो. वर्षातले दहा-अकरा महिने तो तामिळनाडूत किंवा केरळात असतो. दुकान आणि मुलांची शाळा तिकडे. घर, शेत, भावकी आणि ग्रामपंचायतीचे मत इकडे. २०२४ च्या लोकसभेला तामिळनाडूचे मतदान १९ एप्रिलला झाले, केरळचे २६ एप्रिलला आणि सांगली-साताऱ्याचे ७ मेला. पाटण, जावळी, शिराळ्याकडच्या माथाडी कामगाराचे उलटे: गावाकडे ७ मे, पुण्यात १३ मे, मुंबई-ठाण्यात २० मे. ज्याचे नाव दोन्हीकडे आहे त्याला दोन्हीकडे बटण दाबण्यापासून अडवायचे कोणी? बोटावरच्या रेघेने, असे उत्तर आपण साठ वर्षांहून जास्त काळ देत आलो आहोत. माझे म्हणणे असे की त्या रेघेच्या कुवतीबाहेरचे काम आपण तिच्यावर टाकतो, आणि जे काम ती चोख करू शकते तिथे मात्र केंद्रावर हयगय करतो.

भारतात ही शाई १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत तिचे सूत्र तयार झाले आणि बनवण्याचे काम कर्नाटक सरकारच्या म्हैसूर पेंट्स अँड वार्निश या कारखान्याकडे गेले. म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी १९३७ साली काढलेला हा लाख आणि रंगाचा कारखाना. सूत्र गुप्त ठेवलेले आहे आणि ही शाई खुल्या बाजारात मिळत नाही. तिचे काम मात्र गुप्त नाही. लावल्याबरोबर जी जांभळी खूण दिसते ती साध्या रंगाची. सिल्व्हर नायट्रेट कातडीवरच्या घामातल्या मिठाशी मिळून सिल्व्हर क्लोराइड बनवते, आणि त्यावर उजेड, विशेषतः उन्हातला अतिनील प्रकाश पडला की चांदीचे बारीक काळे कण कातडीत आणि नखात बसतात. पाण्यात ते विरघळत नाहीत. अल्कोहोलसारखे द्रावण शाई लवकर वाळावी म्हणून असते. उजेडात हेच रसायन आधीच बिघडते, म्हणून बाटली गडद रंगाची असते आणि बूच लावून ठेवायची असते.

एवढ्यावरून तीन गोष्टी कळतात. कातडी स्वच्छ हवी, शाई वाळायला वेळ हवा आणि नंतर उजेड हवा. यातले एक जरी कमी पडले तर बोटावर उरतो तो नुसता जांभळा रंग, आणि तो पुसला जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खोलीत, खिडक्या अर्ध्या लावलेल्या आणि वर एक ट्यूबलाइट, अशा ठिकाणी पहिल्या मिनिटात चांदी कातडीत बसलेलीच नसते. बाहेर उन्हात आल्यावर डाग पक्का होतो. केंद्रातून बाहेर पडेपर्यंतचा वेळ हा शाईचा सगळ्यात नाजूक वेळ आहे.

कायद्याने हे ओळखले आहे. निवडणूक संचालन नियम १९६१ मधल्या ४९-के या नियमाचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी मतदाराच्या डाव्या हाताची तर्जनी तपासायची, मग तिच्यावर खूण करायची. तपासू दिली नाही, खूण करू दिली नाही, आधीच खूण असली किंवा ती पुसायचा प्रयत्न केला, तर मतदान करू द्यायचे नाही. तर्जनी नसेल तर डाव्या हाताचे दुसरे कोणतेही बोट, डाव्या हाताला बोटेच नसतील तर उजव्या हाताची तर्जनी किंवा दुसरे बोट, तेही नसेल तर हाताचे जे टोक असेल ते. कडबाकुट्टीत बोट गेलेली माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत, तेव्हा हे कलम कागदावरचे नाही. फेब्रुवारी २००६ पासून निवडणूक आयोगाने खुणेची जागाही बदलली. पूर्वी नख आणि कातडी मिळते तिथे टिंब दिले जाई. आता नखाच्या वरच्या टोकापासून पहिल्या सांध्याच्या खालपर्यंत सरळ रेघ ओढायची असते.

या रेघेमागे विचार आहे. कातडीवरचा डाग काही दिवसांत फिकट होऊ लागतो, कारण कातडी झडत राहते; राबत्या हाताची तर लवकरच. नखाचे तसे नसते. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते आणि पूर्ण बदलायला सहाएक महिने लागतात. नखावर नेलपॉलिश असेल तर नखावरची रेघ पॉलिशबरोबर निघून जाते, तेव्हा कातडीवरचा भाग कामाला येतो. कातडीवर तेलाचा थर असेल तर तिथली रेघ कच्ची राहते, तेव्हा नखाचा भाग कामाला येतो. एक फसले तर दुसरे सांभाळते.

आता हिशेब करू. बाराशे मतदारांचे केंद्र धरा आणि मतदान ६५ टक्के. म्हणजे ७८० माणसे. सकाळी सात ते संध्याकाळी सहा, ६६० मिनिटे. माणशी पन्नास सेकंद. पण माणसे सारखी येत नाहीत. सकाळी उन्हाच्या आधी आणि दुपारी चारनंतर रांग लागते, त्या वेळी माणशी पंचवीस-तीस सेकंदही मिळत नाहीत. त्या वेळात दुसऱ्या क्रमांकाच्या मतदान अधिकाऱ्याने बोट तपासायचे, रेघ ओढायची, नोंदवहीत म्हणजे नमुना १७-अ मध्ये यादीतला क्रमांक आणि ओळखपत्राचा तपशील लिहायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि चिठ्ठी द्यायची. पाच कामांत पहिले गळते ते तपासणे. मतदार बोट पुढे करतो, अधिकारी खाली वहीत पाहत पाहत रेघ ओढतो. आधीची खूण शोधणे हे शाईचे अर्धे काम आहे आणि तेच होत नाही. कुलूप लावले आणि दार ओढून पाहिलेच नाही, अशी ती गत.

दहा मिलिलिटरची एक बाटली साधारण सातशे मतदारांना पुरते. म्हणजे माणशी फक्त चौदा हजारांश मिलिलिटर, एक लहान थेंबही नाही. वरच्या हिशेबातल्या ७८० माणसांना एक बाटली पुरत नाही, म्हणून दुसरी दिलेली असते. चूक इथे होते: दुपारनंतर पहिली तळाला जाते, काडीला शाई लागेनाशी होते, रेघ फिकट पडू लागते, पण रांग थांबवून दुसरीचे सील फोडायला कोणी उठत नाही. शेवटच्या दीड-दोन तासांतल्या रेघा सकाळच्या रेघांपेक्षा बारीक दिसतात त्या यामुळे. शिवाय बूच उघडे राहिले की द्रावण उडून शाई दाटते आणि टेबल खिडकीजवळ असेल तर उजेडाने बिघडते. बाटली कलंडणे हा आणखी एक नेहमीचा अपघात. त्यावरचा उपाय केंद्राध्यक्षांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत फार जुना आणि साधा आहे: पसरट भांड्यात वाळू किंवा भुसभुशीत माती घ्या आणि बाटली पाऊण उंचीपर्यंत तिच्यात रोवा. ज्या टेबलावर असे भांडे दिसते तिथले केंद्राध्यक्ष बाकीचीही कामे नीट करत असणार, असा विश्वास वाटतो.

बोटाला तेल किंवा ग्रीस असेल तर आधी कापडाने पुसायचे असते. सांगली भागात हे वारंवार लागणारे काम आहे. गॅरेजमधून, तेलघाण्यावरून, मोटार दुरुस्त करून थेट आलेला माणूस, डोक्याला तेल चोपडून आलेली म्हातारी, यांच्या बोटावर शाई तेलावर तरंगते. हळदीने पिवळी झालेली बोटे वेगळी, तिथे शाई धरते. एप्रिल-मेच्या लग्नसराईत मेंदीने गडद झालेली नखे असतात. शाई तिथेही धरते, पण आधीची खूण आहे की नाही हे पाहायला डोळा जवळ न्यावा लागतो. पुसायचे कापड रांग वाढली की आधी बाजूला पडते. शेवटचा पहारा तिसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याचा. कंट्रोल युनिटवर, म्हणजे मतदान यंत्राच्या अधिकाऱ्याकडच्या भागावर, बटण देण्याआधी त्याने तर्जनी पुन्हा पाहायची असते, रेघ नीट नसेल किंवा पुसली असेल तर परत लावायला लावायची. दुसऱ्या टेबलावर सही-चिठ्ठीत जातो तो वेळ वाळण्यासाठी मिळावा, म्हणून शाई सहीच्या आधी लावायची असते. काही केंद्रांवर हा क्रम उलटा होतो. सही, चिठ्ठी आणि शेवटी शाई. मग मतदार ओले बोट घेऊन मतदान कक्षात जातो आणि ते धोतराला किंवा पदराला पुसले जाते, बहुतेकदा नकळत.

हे सगळे नीट झाले तर शाई काय अडवते? एक बोट, त्या दिवशी, दुसऱ्यांदा. दहा गैरहजर माणसांच्या नावावर मते टाकायची तर दहा कोरी बोटे लागतात, म्हणजे दहा माणसे गोळा करावी लागतात, त्यांची ने-आण करावी लागते, त्यांनी गप्प राहावे लागते. शाई नसती तर हे काम दोघा-तिघांनी केंद्रे बदलत उरकले असते. हा फायदा लहान नाही. जत तालुक्याची हद्द विजापूर जिल्ह्याला लागून आहे, मिरजेपासून कागवाड-अथणी जवळ. सोयरीक, जमीन, बाजार दोन्हीकडे, आणि काही घरांची नावेही दोन्ही राज्यांत. २०२४ ला उत्तर कर्नाटकातले चिक्कोडी, बेळगाव, विजापूर आणि आपली सांगली यांचे मतदान एकाच दिवशी, ७ मेला झाले. सकाळी तिकडे मत देऊन दुपारी इकडे यायला मोटारसायकल पुरते, पण बोट ताज्या शाईचे असते आणि ताजी रेघ लपवता येत नाही. शाई जिथे बलवान आहे अशी ही परिस्थिती: एक दिवस, जवळची जागा.

आता दुसरी बाजू. शाई बोट मोजते, नाव मोजत नाही. मुंबईला असलेल्या माणसाच्या नावावर गावात दुसऱ्या कोणी मत टाकले आणि त्याचे स्वतःचे बोट कोरे असेल, तर शाईला तक्रारच नाही. ती लागेल, वाळेल आणि काळी होईल. खरा मतदार संध्याकाळी आला तर त्याला प्रदत्त मत मिळते. कागदी मतपत्रिका, वेगळ्या पाकिटात बंद, आणि नेहमीच्या मोजणीत ती धरली जात नाही. हा गुन्हा अडवायचा तो पहिल्या टेबलावर, चेहरा आणि यादी यांच्या मेळाने. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत अशा नावांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे असते आणि त्या नावाने कोणी आले तर ओळख जास्त बारकाईने तपासून सहीबरोबर अंगठाही घ्यायचा असतो. मतदान प्रतिनिधीला संशय आला तर दोन रुपये भरून ओळखीवर आक्षेप घेता येतो. दोन रुपयांची अडचण कोणालाच नाही. अडचण ही की समोरचा माणूस भावकीतला असतो आणि उद्या त्याच्याच विहिरीवरून पाणी घ्यायचे असते.

आणि तारखांचा प्रश्न. मार्च २०१४ मध्ये नवी मुंबईत माथाडी कामगारांसमोर बोलताना शरद पवार यांनी साताऱ्याचे मतदान १७ एप्रिलला आणि इकडचे २४ एप्रिलला आहे, तेव्हा तिकडे मत देऊन इकडेही द्या, फक्त शाई पुसा, अशा अर्थाचे विधान केले. आपण ते विनोदाने बोललो, असा खुलासा त्यांनी केला. आयोगाने नोटीस काढली आणि नाराजी व्यक्त केली. कोण बोलले हा मुद्दा मला गौण वाटतो. ते विधान विनोद म्हणून समजायलासुद्धा दोन गोष्टी आधी ठाऊक असाव्या लागतात: नावे दोन्हीकडे आहेत आणि तारखा वेगळ्या आहेत. दहा वर्षांनी २०२४ मध्ये त्या दोन्ही गोष्टी तशाच होत्या, उलट सात दिवसांचे अंतर तेरा दिवसांचे झाले होते.

तेरा दिवसांत रेघेचे काय होते? नीट लावलेली असेल तर कातडीवरचा भाग गेलेला किंवा फिकट झालेला असतो. नखावरची रेघ मात्र असते आणि मुळाशी मिलिमीटरभर कोरी पट्टी दिसते, कारण तेवढे नख नवे आलेले असते. म्हणजे पुरावा बोटावर असतो. प्रश्न असा की मुंबईतल्या केंद्रावर पंचवीस सेकंदांत ती पट्टी पाहणार कोण, आणि पाहिली तर ठामपणे परत कोण पाठवणार? पॉलिश होती, तेलकट होते, रेघ फिकट होती, असे काही झाले असेल तर तेही नाही. गलाईवाल्याच्या बाबतीत अठरा दिवस आणि तेजाबाचे काम. त्याच्या बोटावरचा काळा डाग निवडणुकीचा की भट्टीचा हे कोणी सांगावे? तेव्हा शाई दुबार मतदान खात्रीने रोखते का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे: एकाच दिवशी, नीट लावली आणि नीट पाहिली तर बऱ्याच अंशी होय, वेगवेगळ्या टप्प्यांत, वेगवेगळ्या जिल्ह्यांत, नाही.

कायद्यात मनाई स्पष्ट आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याची कलमे १७ आणि १८ एका माणसाचे नाव दोन मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा असू देत नाहीत. १९५१ च्या कायद्याचे कलम ६२ सांगते की एकाच प्रकारच्या दोन मतदारसंघांत मत दिले तर दोन्ही मते बाद. पण मत गुप्त असते, यंत्रात गेलेले त्याचे मत वेगळे काढून बाद करायचे कसे? शिक्षा नंतर होईल, मत मात्र मोजले गेलेले असते. म्हणून अडवायचे ते आधीच.

१५ जानेवारी २०२६ च्या महापालिका मतदानात हा विषय पुन्हा पेटला. राज्यातल्या २९ महापालिकांत सांगली-मिरज-कुपवाडही होती. शाईच्या बाटलीऐवजी मार्कर पेन वापरले गेले आणि खूण पुसली जाते अशा तक्रारी आल्या, पुसलेल्या बोटांचे व्हिडिओ दिवसभर फिरले. स्थानिक निवडणुकांत २०११ पासून मार्करच वापरतो, आणि शाई पुसली तरी नोंद झालेली असल्याने त्या मतदाराला पुन्हा मत देता येत नाही, असे राज्य निवडणूक आयोगाचे म्हणणे होते. यातले दुसरे म्हणणे निम्मे खरे आहे. त्याच केंद्रावर, त्याच नावावर तो परत येऊ शकत नाही, कारण यादीच्या चिन्हांकित प्रतीत नावाखाली रेघ पडलेली असते आणि १७-अ सारख्या नोंदवहीत सही असते. पण दुसऱ्या प्रभागात त्याचे दुसरे नाव असेल तर तिथल्या यादीला इथली सही दिसत नाही. दोन याद्यांना जोडणारी एकच वस्तू त्या दिवशी उरते, ती म्हणजे त्याचे बोट. म्हणजे ज्या एका ठिकाणी शाईला पर्याय नाही तिथेच ती कमजोर वापरली गेली.

त्या व्हिडिओंबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. लावल्यानंतर लगेच रंग पुसला गेला यावरून दुबार मतदान झाले हे सिद्ध होत नाही. पहिल्या मिनिटांत जो निघतो तो रंग असतो, चांदी मागाहून काळी पडते. दुबार मतदानाचा आरोप करायचा तर दोन याद्या, दोन सह्या, दोन नोंदी समोर ठेवाव्या लागतात. पण शंका चुकीची म्हणून तक्रारच धुडकावणे हेही बरोबर नाही. मार्करच्या टोकात किती शाई उरली, त्यात सिल्व्हर नायट्रेट आहे की नुसता पक्का रंग, तेलकट कातडीमुळे टोक बुजले का, हे बाहेरून कळत नाही. बाटलीत काडी बुडवली की शाई डोळ्यांना दिसते. ऑक्टोबर २००४ मध्ये अफगाणिस्तानच्या पहिल्या अध्यक्षीय निवडणुकीत नेमके असेच झाले होते. बऱ्याच केंद्रांवर भलतेच पेन वापरले गेले, खूण धुतली जाऊ लागली आणि दुपारपर्यंत अनेक उमेदवारांनी निवडणुकीवर बहिष्काराची भाषा केली. खूण पुसली जाते हे दिसले की लोकांचा विश्वास यादीवरूनही उडतो.

उपाय सोपा आहे. प्रत्येक खेपेतल्या काही बाटल्या किंवा पेने तहसील कार्यालयात उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर उघडावीत, चार जणांच्या बोटांवर रेघ ओढावी, पाच मिनिटे उन्हात वाळू द्यावी, साबणाने आणि सॅनिटायझरने धुऊन पाहावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत पाहावे. मतदानाच्या चार दिवस आधी अर्ध्या तासाचे हे काम झाले तर पुढचा सगळा गोंधळ टळतो. मतदान यंत्रांची चाचणी प्रतिनिधींसमोर होते, शाईची का होऊ नये?

बोटाच्या ठशाचे यंत्र लावा, आधारशी जोडा, म्हणजे शाईच नको, असेही सुचवले जाते. मला हे पटत नाही. ऊसतोड, द्राक्षबागेतली छाटणी, हमाली करणाऱ्या हातांच्या रेघा झिजलेल्या असतात. रेशन दुकानात अंगठा उठत नाही म्हणून माघारी फिरणारी म्हातारी माणसे सगळ्यांनी पाहिली आहेत. धान्य उद्या मिळते, मत उद्या देता येत नाही. कोयनेच्या पलीकडच्या वाड्यांत नेटवर्क नसते तिथे हे यंत्र काय करणार? चुकून कोणाला परत पाठवले तर त्याचा हक्क बुडतो. शाईचा एक गुण असा की नीट वापरली तर ती खऱ्या मतदाराला अडवत नाही. अर्थात तिचा उलटा वापर होऊ शकतो. मे २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या चंदौली जिल्ह्यात मतदानाच्या आदल्या दिवशी पैसे देऊन बोटाला शाई लावल्याची तक्रार गावकऱ्यांनी केली होती, म्हणजे मत देण्यापासूनच रोखले. म्हणून शाईच्या बाटल्यांचा हिशेब, किती दिल्या आणि किती परत आल्या, हा मतदान यंत्रांइतकाच काटेकोर ठेवला पाहिजे.

तारखांचा उपाय आयोगाच्या हातात आहे. २० नोव्हेंबर २०२४ ला अख्ख्या महाराष्ट्राची विधानसभा एका दिवशी झाली. मग त्याच वर्षीची लोकसभा राज्यात पाच टप्प्यांत का? पोलीस बंदोबस्त आणि मनुष्यबळाची अडचण खरी आहे, गडचिरोलीसारखा जिल्हा वेगळा ठेवावा लागेल हेही खरे. पण सातारा, सांगली, कोल्हापूर यांना मुंबई, ठाणे, पुणे यांच्याबरोबर एकाच दिवशी बसवणे अशक्य नाही. माणसांची ये-जा ज्या जिल्ह्यांत आहे ते जिल्हे एका टप्प्यात, एवढा निकष लावला तरी शाईवरचे निम्मे ओझे उतरते.

उरते ती यादी. नावे दुबार होतात ती बहुतेकदा लबाडीने नव्हे. वाशीत किंवा कळंबोलीत राहायला गेलेला माणूस नवीन नावासाठी नमुना ६ भरतो; स्थलांतरासाठी नमुना ८ आहे हे त्याला कोणी सांगत नाही. नमुना ८ भरला तर जुन्या यादीतले नाव निघण्याची वाट तयार होते, नमुना ६ भरला तर जुने तसेच राहते. गावातले नाव कमी करायला नमुना ७ लागतो आणि शेजाऱ्याचे नाव कमी करा असा अर्ज गावात कोण देणार? बीएलओ, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणारी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ही बहुतेकदा गावातलीच अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक. तिने दारात जाऊन ‘तुमच्या पोराचे नाव काढते’ म्हणायचे, ही तिच्यावर टाकलेली फार अवघड जबाबदारी आहे. गावचे नाव म्हणजे फक्त मत नव्हे. सातबारा, सोसायटी, भावकीतला मान, सरपंचाच्या निवडणुकीत विचारले जाणे, सगळे त्याच्याशी बांधलेले असते. माथाडी कामगाराला गावचे नाव सोड म्हणताना हे समजून घेतले पाहिजे. तो निवड करू शकतो: गाव ठेवायचे की मुंबई. पण दोन्ही ठेवायचे नाही, हे त्याला समोर बसून सांगावे लागेल.

राज्य निवडणूक आयोगाने २०२५-२६ च्या स्थानिक निवडणुकांत संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले, तुम्ही कुठे मत देणार असे विचारून घेतले, आणि ज्यांचे उत्तर आले नाही त्यांच्याकडून केंद्रावर हमीपत्र घ्यायचे ठरवले. ही पद्धत मला शाईपेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण ती नावावर काम करते. लोकसभा-विधानसभेच्या याद्यांनाही ती लावली पाहिजे. फक्त ती निवडणूक जाहीर झाल्यावर घाईत करून उपयोग नाही. वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा, म्हणजे मतदाराचे वय धरायच्या तारखा, आता असतात, म्हणजे यादीचे काम बारमाही झाले आहे.

साताऱ्या-सांगलीपुरते बोलायचे तर चैत्र-वैशाखातल्या गावोगावच्या यात्रांना आणि गणपतीत मुंबईकर घरी असतो. पाटण, जावळीच्या डोंगरातल्या वाडीतही त्या चार दिवसांत घर भरलेले असते. खानापूर-आटपाडीचे गलाईवालेही देवाच्या यात्रेला येतात. त्या दिवसांत देवळाच्या ओवरीत बीएलओने गावची यादी, नमुना ८ चे गठ्ठे आणि शेजारच्या गावाची एक तरुण मदतनीस घेऊन बसावे. शेजारच्या गावाची यासाठी, की नाव विचारताना भावकी आड येऊ नये. दोन तारे असलेल्या प्रत्येक नावापुढे त्या माणसाची सही तिथेच घ्यावी: इथे, की तिथे.